श्री घातलेल्या चाळीस पुड्या

साहेबांच्या चालीची नक्कल करताना माझ्या हातून लाल शाईची दौत सांडली, आणि सांडली ती नेमकी प्रभावतीबाईंच्या चाळीस पुड्यांवर.

नक्कल मी बरी करतो असा तेव्हा माझा लौकिक होता, आणि भोसरीच्या आमच्या प्रसूती केंद्रात करमणुकीचं दुसरं साधनही नव्हतं. केंद्र म्हणजे पुण्याच्या एका ट्रस्टनं भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. माणसं तीन. प्रभावतीबाई, म्हणजे नर्स. खंडू, म्हणजे शिपाई. आणि मी मुकुंद, म्हणजे कारकून. ट्रस्टचे सेक्रेटरी महिन्यातून एकदा तपासणीला यायचे. त्यांचं पोट आधी दारातून आत यायचं, थोड्या वेळानं ते स्वतः यायचे, आणि आल्यावर स्टोव्हकडे आणि खंडूकडे सारख्याच संशयानं बघायचे. एकोणसत्तर सालच्या मार्चमधल्या त्या सकाळी मी हेच करून दाखवत होतो. खंडू हसता हसता भिंतीला टेकला. समोरचा एवढा हसला की मला थांबता येत नाही. मी आणखी एक फेरी मारली. त्या फेरीत पोट पुढं काढण्याच्या नादात कोपर मागं गेलं.

शाई पुड्यांच्या आत मुरली नाही, नुसती वरच्या कागदावर थेंबाथेंबानं उडाली. एकीवर दोन थेंब, एकीवर पाच. बाई मोशीला गेल्या होत्या आणि दुपारच्या एस.टी.नं परतायच्या होत्या.

त्या पुडीत काय होतं ते सांगायला हवं. एक कोरं ब्लेड, उकळून वाळवलेले दोन दोरे, जाळीच्या कापडाचे चार तुकडे. हे सगळं एका फडक्यात बांधायचं, त्यावर जाड कागद चिकटवायचा आणि बिस्किटांच्या मोठ्या डब्यात घालून स्टोव्हवर मंद भाजायचं. ब्लेड नाळ कापायला, दोरे बांधायला, जाळी वरून ठेवायला. सातवा महिना लागलेल्या बाईला ही पुडी द्यायची आणि सांगायचं की बाळंतपण घरी होवो की माहेरी, सुईण कोणीही असो, पुडी तेव्हाच फोडा आणि हेच वापरा.

ही कल्पना बाईंना सुचली ती माझ्या रजिस्टरमुळं, हे मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत असे. केंद्रात नाव घातलेल्या प्रत्येक बाईचं पुढं काय झालं ते लिहिणं हे माझं काम. मूल कधी झालं, बाई कशी आहे, मूल कसं आहे, त्याचं नाव काय. नाव बाराव्या दिवशी ठेवतात. त्याआधीच मूल गेलं तर नावाच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारायचो. पट्टीनं मारायचो, कारण मला नीटनेटकेपणाची आवड आहे.

बाई नव्यानं रुजू झाल्या होत्या तेव्हा एकदा त्यांनी ते रजिस्टर मागून घेतलं. माझं अक्षर बघून चार शब्द बोलतील म्हणून मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. दीड वर्षात एकोणीस. मग प्रत्येक रेघेसमोर मूल कितव्या दिवशी गेलं ते वाचलं. आठवा, सातवा, आठवा, आठवा, सहावा, नववा. कारणाच्या रकान्यात मी लोकांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं होतं. बाधा, दृष्ट, आकडी, सटवाईचा कोप.

“मुकुंदराव, हे सगळं एकच आहे,” बाई म्हणाल्या. “धनुर्वात.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. शेणात, मातीत, गंजलेल्या विळ्यावर हा जंतू असतो. विळ्यानं नाळ कापली, वर चुलीतली राख नाहीतर शेणाची राख लावली, की तो बेंबीतून आत जातो. मूल पाच-सहा दिवस छान दूध पितं. एका सकाळी त्याचा जबडा उघडत नाही. मग अंग ताठतं, आणि आठव्या दिवसाच्या आसपास संपतं. कधी तोच घाणेरडा हात आईलाही भोवतो, तिला बाळंतज्वर चढतो, आणि मग घरात मूल असतं पण आई नसते. आमच्यापासून सायकलवर वीस-पंचवीस मिनिटांवर, पिंपरीत, अख्ख्या देशाला पुरेल एवढं औषध तयार होत होतं, आणि भोसरी-मोशीत पोरं विळ्यानं मरत होती. बाई हे सांगताना आवाज चढवत नसत. माझ्या विनोदांनाही त्या हसत नसत. मान हलवत, एखादं टपाल मिळाल्याची सही करावी तशी.

बाई मूळच्या दापोडीच्या. त्या अकरावीत असताना घरच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली, मग त्यांनी सुईणीचा सरकारी कोर्स केला. नवरा यशवंतराव पिंपरीच्या एका कंपनीत ओतकामाला. दोघांच्या शिफ्टा अशा की आठवड्यातून चार दिवस दोघं एकमेकांना रस्त्यातच भेटत. बाईंना खेड्यात सगळे नर्सबाई म्हणत, गरजेला बोलावतही, पण ओट्यापर्यंत. मी बरोबर असलो की मला आत पाट मिळे. बाईंना ओट्यावर चहा, वेगळ्या कपात, आणि तो कप पालथा घालून ठेवायची जागा ठरलेली. मला हे तेव्हा दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. दिसत होतं. मी चहा पीत होतो.

पुड्यांची पहिली खेप डिसेंबरात तयार झाली होती आणि पुरती फसली होती. बारा घरी दाखवली, बारा घरांनी परत केली. पोटुशी बाईच्या हातात कोणी ब्लेड देतं का, असं म्हणून एका सासूनं ती अंगणात ठेवायला लावली. काहींनी काहीच कारण सांगितलं नाही. नुसतं बाईंच्या हाताकडं बघितलं आणि नको म्हणाल्या. जिची गोष्ट पुढं येईल त्या केसरबाईचं घर त्या बारांत नव्हतं. तिला तेव्हा सातवा लागायचा होता.

तर आता शाई. कागद पुण्याहून तीन महिन्यांतून एकदा यायचा आणि तो संपला होता. मी त्या थेंबांकडं बघत बसलो. थोड्या वेळानं ते मला कुंकवाच्या बोटांसारखे दिसायला लागले. मग मी बोरू घेतला. जिथं दोन थेंब होते तिथं आणखी तीन टाकून पाच बोटं केली, जिथं फराटा होता तिथं स्वस्तिक. आणि प्रत्येक पुडीच्या माथ्यावर, लग्नपत्रिकेवर काढतात तसा, वेलांटीला छान गोलाई देऊन ‘श्री’ काढला. चाळीस वेळा. अपराध लपवायला एवढी मेहनत मी त्याआधी आणि त्यानंतर कधी घेतली नाही.

बाई आल्या, त्यांनी एक पुडी उचलून बघितली आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, शुभचिन्ह आहे, बायकांना बरं वाटेल. ब्लेडला शुभ काय न् अशुभ काय, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मला वाटतं त्या पुड्या त्यांना फेकून द्यायच्या होत्या. पण कागद नव्हता, आणि नाव घातलेल्या चाळीस बायकांतल्या तेवीसजणींचे दिवस एक ते तीन महिन्यांवर आले होते.

त्या तेवीसजणींकडं पुड्या हातोहात गेल्या. ज्या सासूनं अंगणात ठेवायला लावली होती तिनं पदर पुढं करून घेतली. कोणी डोक्याला लावली. कोणी बाईंना विचारलं, कुठल्या देवाची? बाई सांगत, देवाची नाही, दवाखान्याची; आणि तेवढ्याच सावकाश, कधी फोडायची, कशी वापरायची, ते दोन-दोनदा समजावत. संध्याकाळी परत आल्यावर मला म्हणाल्या, “चाललं, मुकुंदराव.” बाईंच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. मी तो चहाच्या टपरीवर आठवडाभर साजरा केला. माणसाचं मन ओळखावं लागतं, नुसतं शास्त्र असून भागत नाही, असं मी तिथं सांगत असे. दौत सांडल्याचं सांगत नसे.

केसरबाई मोशीची. वय बावीस-तेवीस. नवरा धोंडीबा भोसरीच्या एका कंपनीत हेल्पर. पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला, दुसरी मुलगी सातव्या. माझ्या रजिस्टरात तिच्या नावावर दोन रेघा होत्या. तिसऱ्या खेपेला तिला दिवस गेले तेव्हा सासू म्हणाली होती की या खेपेलाही तसंच झालं तर धोंडीबाचं दुसरं लगीन लावायचं. हे केसरबाईनं स्वतः बाईंना सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी अशा सुरात. ती मोशीहून भोसरीला चालत यायची, ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची आणि बाई जे सांगतील ते परत म्हणून दाखवायची. ब्लेड कोरं. दोरा दोन ठिकाणी. राख न्हाई. शेण न्हाई. पाढे म्हणावेत तसं. माझ्या विनोदांना न हसणारी, बाईंनंतरची ती दुसरी व्यक्ती, हेही मला तेव्हाच कळलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी धोंडीबा कंपनीच्या फाटकावर खंडूला भेटला आणि बायको बाळंत झाली, मुलगा झाला, असं बोलता बोलता म्हणाला. मूल होऊन पाच दिवस झाले होते. कालच पाचवी पुजली होती. बाईंनी पिशवी उचलली. मला रजिस्टर भरायचं होतं आणि पाचवीचं काही गोडधोड उरलं असेल अशी आशाही होती, म्हणून मीही निघालो.

मोशीला पोचलो तेव्हा बाई नेहमीप्रमाणं ओट्यावर बसल्या आणि मी आत गेलो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर भिंतीशी पाचवीची पूजा तशीच मांडलेली होती. पाटा, वरवंटा, विळा, सटवाईनं मुलाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि टाक. आणि या सगळ्याच्या मधोमध, तांदळाच्या राशीवर, हळदकुंकू वाहिलेली माझी पुडी. श्री अगदी ठसठशीत दिसत होता.

मला आधी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. आपलं अक्षर देवापुढं मांडलेलं कोणाला आवडत नाही? मी बाहेर येऊन बाईंना कौतुकानं म्हणालो, “बाई, आपली पुडी पूजेत मांडलीय.”

बाईंनी कप खाली ठेवला. “फोडलेली, की बंद?”

“बंद,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं.

बाई उठल्या आणि सरळ आत गेल्या. माजघर ओलांडून बाळंतिणीच्या खोलीत. त्या घरात त्या पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत जात होत्या. केसरबाई बाजेवर बसून पोराला पाजत होती. पोर चांगलं ओढत होतं, आवाज येत होता. बाईंनी ते हातात घेतलं, फडकं सोडलं. बेंबीवर राखेचा जाड थर. त्यांनी पाणी उकळून मागितलं आणि ती सगळी जागा धुऊन काढली.

नाळ अंबुबाईनं कापली होती. ती मोशीची जुनी सुईण, कोपऱ्यातच बसली होती. तिनं न विचारता सांगितलं की विळा चांगला धुऊन घेतला होता. पुडीचं विचारल्यावर सासूनं सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात काही चूक आहे असं त्या खोलीत माझ्या आणि बाईंच्याखेरीज कोणालाच वाटलं नसतं. बाळंतपण म्हणजे विटाळ. श्री घातलेली पुडी विटाळल्या हातानं फाडायची कशी? म्हणून ती तिनं आधी उचलून देवापाशी ठेवली. पाचवी झाल्यावर, दहावा करून, अंघोळ घालून मग फोडणारच होती.

“मी मागितली व्हती, बाई,” केसरबाई म्हणाली. “दोनदा.”

बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग सासूला सांगितलं की मुलाला आत्ताच्या आत्ता पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, धनुर्वातावरचं इंजेक्शन टोचायचं, अजून कदाचित वेळ आहे. सासू म्हणाली, पोर तर चांगलं पितंय. दहा दिवसांच्या आत पोराला शिवेपल्याड न्यायचं म्हणजे काय? बाई समजावत राहिल्या. धोंडीबा दुसऱ्या शिफ्टला गेला होता आणि त्याच्याशिवाय काही होणार नव्हतं. बाईंनी मला भोसरीला त्याच्या कंपनीवर पिटाळलं. फाटकावरच्या माणसानं आधी मला आत सोडलं नाही, मग आत निरोप दिला, मग धोंडीबा बाहेर आला तो अर्धी शिफ्ट झाल्यावर. त्यानं ऐकून घेतलं आणि सकाळी नेऊ म्हणाला.

सकाळी पोराचं तोंड उघडलं नाही.

कंपनीचा एक टेम्पो मिळाला. मागं केसरबाई, तिच्या मांडीवर पोर, शेजारी बाई. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. कोणी शिंकलं, दाराचा आवाज झाला, रस्त्यातला खड्डा लागला, की पोराचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. बाईंनी ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सांगितलं, आणि थोड्या वेळानं जोरात चालव म्हणून. दवाखान्यात जे करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे आठव्या दिवशी, ते गेलं.

यापुढचं मला फार स्पष्ट आठवतं, पण ते आठवताना काही वाटतं असं सांगता येत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. मोशीला परत आल्यावर मी ओट्यावर रजिस्टर उघडलं, कारण मला दुसरं काय करायचं ते सुचेना. केसरबाई समोर बसली होती. दूध आटावं म्हणून छातीला फडकं करकचून बांधलेलं. पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि ती फोडत होती. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं. एकही दाणा टरफलांत गेला नाही. मी वेळ, वार, दिवस लिहिला. नावाच्या रकान्याशी पेन थांबलं. तिनं मान वर केली.

“मारा रेघ,” ती म्हणाली.

मी पट्टी आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर कामावर आल्या. मला वाटलं आता मला बोलतील. माझ्याकडं उत्तर तयार होतं. त्यांनी तेवीस बायकांची यादी मागितली, आणि उरलेल्या सतरा पुड्यांवरचे माझे कागद एकेक करून काढून टाकले. कागद नव्हता म्हणून खंडूला पाठवून जुनी वर्तमानपत्रं आणवली आणि सगळ्या पुड्या त्यात बांधून पुन्हा भाजायला घातल्या. मग त्या यादीतल्या घरोघर गेल्या. वर्तमानपत्राची पुडी द्यायची, श्रीची परत घ्यायची. घेताना पदर पसरणाऱ्या बायका परत द्यायला तयार होईनात. एकीनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती, एकीनं गल्ल्यात, एका घरी तिला रोज उदबत्ती होत होती. बाई त्यांना केसरबाईच्या पोराचं सांगायच्या, तर उत्तर येई की ते सटवाईनं नेलं, त्यात पुडीनं काय केलं? पहिल्या आठ दिवसांत अकरा घरांनी बदलून घेतली. दोघी त्याच्या आतच बाळंत झाल्या. एकीचं मूल वाचलं. दुसरीची मी रेघ मारली.

सव्वा महिना झाल्यावर केसरबाई केंद्रात आली. ओट्यावर बसली नाही. बाईंना म्हणाली की राहिलेल्या घरांत मी येते. धोंडीबाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं तोवर घरात सुरू झालं होतं, पण त्याबद्दल ती बोलली नाही. पुढचे पंधरा दिवस दोघी मोशी, निघोजे, चिखली अशा हिंडल्या. मी काही वेळा बरोबर होतो, कारण यादी माझ्याकडं होती. केसरबाई अंगणात उभी राहायची आणि सांगायची की मी अमक्याची सून, माझी तीन गेली. तिसऱ्याच्या वेळी पुडी घरात होती. “आमी न्हाई फोडली,” ती म्हणायची. “तुमी फोडा.” एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात काही नाही. बायका आत जाऊन मुकाट्यानं श्रीची पुडी आणून द्यायच्या आणि वर्तमानपत्राची घ्यायच्या. त्यांतल्या एका पुडीवर एका मंत्र्याचा हार घातलेला फोटो आला होता. तो फाडताना कोणालाच विटाळ आड आला नाही.

अंबुबाईला बाईंनी दर गुरुवारी केंद्रात बोलवायला सुरुवात केली. ती यायची, लांब बसायची, पाणी उकळताना बघायची आणि आपण चाळीस वर्षांत किती बाळंतपणं केली ते सांगायची. तिनं बाईंच्या हातचा चहा शेवटपर्यंत घेतला नाही. दोरे मात्र उकळून घ्यायला लागली, आणि पुढं पुढं तर दुसऱ्या सुईणींना यावरून तोंडावर बोलायला लागली.

धोंडीबाचं दुसरं लग्न झालं नाही. ठरलेल्या मुलीच्या घरच्यांना सोयरीक पसंत पडली नाही, एवढंच कारण. एकाहत्तर साली केसरबाईला पुन्हा दिवस गेले. बाईंनी तिला सातव्या महिन्यापासून सांगून ठेवलं की मी स्वतः येणार. कळा सुरू झाल्या त्या सकाळी सासूनंच माणूस पाठवला. बाईंना त्या घरात कोणी ओट्यावर बसा म्हणालं नाही. मुलगी झाली. बाई दुपारी परत आल्या, हात धुतले, आणि नेहमीप्रमाणं डबा खाल्ला.

त्यानंतर नऊ दिवस त्या रोज मोशीला गेल्या. आठव्या दिवशी मी बरोबर गेलो होतो. केसरबाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. पाजायची वेळ झाली की बाई पोर तिच्या छातीशी धरायच्या, पाजून झालं की उचलून घ्यायच्या. ती पोराकडं बघत नव्हती, पण पोर ओढतंय का ते तिला कळत असावं, कारण ते ओढायचं थांबलं की तिचा श्वास थांबायचा. नवव्या दिवशी सकाळी बाईंनी सांगितलं, आता भीती नाही. केसरबाईनं विचारलं, चहा आहे का? बाराव्या दिवशी मी रजिस्टरात नाव लिहिलं. वासंती. मुद्दाम पेनाची निफ बदलली होती, तरी अक्षर काही माझं नेहमीचं आलं नाही.

पुढं पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला गरोदर बायकांना धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायला सुरुवात झाली. आईच्या अंगातलं बळ पोटातल्या मुलाला मिळतं, आणि मग विळ्याची भीती पुष्कळ कमी होते. बाईंनी इंजेक्शनांच्या बरोबरीनं पुड्याही चालू ठेवल्या. भोसरीच्या माळावर कारखाने वाढले, खोल्या वाढल्या, मराठवाड्यातून आणि कोकणातून माणसं आली, आणि केंद्रातली गर्दीही वाढली. सेक्रेटरी बदलले, नव्यांना पोट नव्हतं. माझी नक्कल बंद झाली ती त्यामुळं नव्हे. त्या वर्षांत रेघा कमी होत गेल्या. एका सबंध वर्षात तीन. मग एका वर्षात एकही नाही. ते वर्ष संपलं तेव्हा मी रजिस्टर बाईंपुढं ठेवलं. त्यांनी पान उलटून बघितलं आणि विचारलं, “सगळ्यांच्या घरी जाऊन आलात ना? नुसतं विचारून नाही ना लिहिलं?”

मी जाऊन आलो होतो.

एक्याऐंशी साली ट्रस्टनं केंद्र बंद केलं. जवळच मोठं प्रसूतिगृह झालं होतं आणि आमची गरज उरली नव्हती. शेवटच्या दिवशी खंडूनं पेढे आणले. बाई कपाटं आवरत होत्या. मी समोर बसलो होतो. बारा वर्षांत त्यांनी मला त्या शाईबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, आणि मी सांगितला नव्हता. त्या दिवशी सांगितला. साहेबांची चाल, कोपर, दौत, सगळं. त्यात हसण्यासारखं काही होतं, तेही सांगताना सुटलं. बाई दोऱ्यांची रिळं एका पिशवीत भरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

मग मी, बारा वर्षं मनाशी घोकलेलं, तेही बोललो. की डिसेंबरात बारा घरांनी पुडी परत केली होती. की श्री घातला म्हणूनच ती घराघरांत गेली. तो नसता तर ब्लेडाची पुडी उंबऱ्याच्या आत कोणीच घेतली नसती, खरं की नाही?

बाईंनी पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली आणि माझ्याकडं बघितलं.

“केसरबाईनं घेतली असती.”